शंका विचारण्याचे धैर्य

वैमानिक म्हणजे कोणाचेही न ऐकता झटपट निर्णय घेणारा धाडसी माणूस, असे चित्र आपल्या मनात असते. मला हे चित्र अपुरे वाटते. चांगल्या वैमानिकाला वेळ पडल्यास क्षणात निर्णय घ्यावा लागतो, हे खरे. पण तो केवळ स्वतःच्या बुद्धीवर विसंबून राहत नाही. शंका विचारणे आणि दुसऱ्याची शंका ऐकून घेणे, हा योग्य निर्णयाचा पाया आहे.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर काय घडले ते पाहा. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाला होता, म्हणून अनेक विमाने टेनेरिफला वळवली होती. दुपारी तेथे दाट धुके पसरले. एक डच विमान धावपट्टीच्या टोकाला उभे होते. त्याच धावपट्टीवर एक अमेरिकन विमानही होते. पण धुक्यामुळे ते दिसत नव्हते. डच विमानाचा प्रमुख वैमानिक फार अनुभवी होता. तो इतर वैमानिकांना शिक्षण देत असे. मात्र त्या दिवशी उशीर झाला होता आणि कामाच्या तासांची मर्यादा जवळ येत होती. उड्डाणाची परवानगी मिळण्यापूर्वीच त्याने विमान धावपट्टीवर सोडले. विमानातील अभियंत्याला शंका आली. दुसरे विमान अजून बाजूला झाले नाही का, असे त्याने विचारलेही. ते बाजूला झाले आहे, असे वैमानिकाने ठासून सांगितले आणि विषय संपवला. काही सेकंदांत दोन्ही विमानांची टक्कर झाली. ५८३ माणसे मरण पावली. धुके, संदेशांतील गोंधळ अशी या अपघाताची इतर कारणेही होती. पण त्या एका शंकेकडे लक्ष दिले असते तर?

आता दुसरी घटना. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून एक विमान निघाले. दोनच मिनिटांत रानहंसांचा थवा त्याला धडकला आणि दोन्ही इंजिने निकामी झाली. वैमानिक चेस्ली सलनबर्गर यांना जवळचे दोन विमानतळ सुचवण्यात आले. विमानाची उंची तेवढी नाही, हे ओळखून त्यांनी हडसन नदीत उतरण्याचे ठरवले. पाणी अगदी जवळ आले असतानाही त्यांनी सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांना विचारले, की आणखी काही सुचते आहे का? स्काइल्स यांनाही दुसरा उपाय सुचला नाही. विमान नदीत उतरले आणि त्यातील सर्व १५५ माणसे वाचली. पक्षी धडकल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत फक्त २०८ सेकंद गेले होते. एवढ्या थोड्या वेळातही त्या अनुभवी वैमानिकाला दुसऱ्याचे मत विचारण्यात कमीपणा वाटला नाही.

कोणी म्हणेल, मोठ्यांना शंका विचारणे उद्धटपणाचे नाही का? आपल्या घरांत आणि शाळांत मोठ्यांचा आदर करायला शिकवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु धोका दिसत असताना गप्प बसणे म्हणजे आदर करणे नव्हे. नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत बोलता येते. टेनेरिफच्या अपघातानंतर वैमानिकांच्या शिक्षणात हीच गोष्ट आली. हाताखालच्या माणसाने न भिता बोलावे आणि प्रमुखाने ते ऐकावे, असे आता त्यांना शिकवले जाते. शेवटचा निर्णय प्रमुखाचाच असतो. पण तो सर्वांचे ऐकून घेतलेला असावा.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी डॉक्टर होईल, कोणी बस चालवील. तुमच्या हाती इतरांचे प्राण असतील. त्या वेळी कोणी तुम्हाला थांबवून शंका विचारली, तर रागावू नका. क्षणभर थांबा आणि तिचा विचार करा. आणि शंका तुमच्याच मनात आली, तर ती मनात ठेवू नका.