उणे तीसमधली फुलबाग

भूगोलाच्या तासाला गवताळ प्रदेशांचा धडा आला की मी फळ्यावर तीन नावे लिहिते. प्रेअरी, स्टेप, पंपास. प्रेअरी म्हणजे उत्तर अमेरिका, सपाट जमीन, लांब आणि कडक हिवाळा, गव्हाचे कोठार. मुले वहीत उतरवून घेतात, परीक्षेत दोन गुणांना लिहितात, विषय संपतो. वीस वर्षे मी हेच शिकवत आले. त्या प्रदेशात कुणी बाई मातीत हात घालून फुले वाढवत असेल, असे कधी मनातही आले नव्हते. आमची आपा तिकडे जाईपर्यंत.

दुल्हाभाईंच्या इंतकालानंतर भाचा आपाला आपल्याकडे घेऊन गेला. कॅनडाच्या सास्कॅचेवान प्रांतात सास्काटून नावाचे शहर आहे, तिथे. जाताना ती म्हणाली, "दोन वर्षं बघते आणि परत येते. तोवर माझ्या मोगऱ्याला पाणी घाला." कराडच्या घराच्या परड्यात तिने लावलेला मोगरा होता. उन्हाळ्यात रोज ओंजळभर कळ्या निघायच्या आणि सगळ्या गल्लीतल्या लेकीबाळींच्या वेण्यांत जायच्या.

ती पोचली ऑक्टोबरमध्ये. पंधरा दिवसांत बर्फ सुरू झाला आणि एप्रिलपर्यंत अंगणातली जमीन म्हणून तिला दिसली नाही. तिथे जानेवारीत उणे तीस ही नवलाची गोष्ट नाही, कधी पारा उणे चाळीसपर्यंतही जातो. डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. भाच्याने हौसेने कुंडीतला मोगरा आणून खिडकीत ठेवला. बाहेर अंधार, आत रात्रंदिवस हीटरची कोरडी हवा. फेब्रुवारीत त्याचे शेवटचे पान गळले. त्या दिवशी फोनवर आपा फारसे बोलली नाही. नंतर कितीतरी दिवस फोन यायचा, पण विचारल्याशिवाय शब्द यायचा नाही. "क्या करूं गे, यहां मिट्टीच पत्थर हुई है," एवढेच एकदा म्हणाली.

मे महिन्यात तिने दुकानातून गुलाबाची चार रोपे आणली. आपल्याकडे लग्नाच्या गुच्छात असतात तसली, लांब दांड्याची, मोठ्या फुलांची. उन्हाळाभर बरी फुलली. पुढच्या वसंतात बघते तर वरच्या काड्या काळ्या पडलेल्या. एका खुंटाला खालून कोंब आला म्हणून ती हरखली, पण त्याला आली ती भलतीच, बारीक, साधी फुले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून समजावले, "हा तुझा गुलाब नाही. कलम मेले, खालचा खुंट जगला."

या शेजारीण बाई म्हणजे आपाची तिकडची पहिली मैत्रीण. त्यांचे आजी-आजोबा युक्रेनमधून येऊन त्या माळावर शेती करू लागलेले. आपाचे इंग्रजी तोडकेमोडके. पण बी, माती, पाणी, खत यांना भाषा किती लागते? बाईंनीच तिला सांगितले की इथे गुलाब लावायचा तर इथल्यासाठी तयार केलेला लाव.

अशी गुलाबाची झाडे तयार करायला तिथल्या माणसांनी जन्म घालवले आहेत. मॅनिटोबा प्रांतात मॉर्डन नावाच्या गावी सरकारी संशोधन केंद्र होते. तिथे हेन्री मार्शल यांनी प्रेअरीवर आपोआप उगवणाऱ्या रानगुलाबाचा बागेतल्या गुलाबांशी संकर करत थंडी सोसणाऱ्या जाती काढल्या. अशी झाडे कलमाची नसतात, स्वतःच्याच मुळावर वाढतात. थंडीने वरचे सगळे झाड जमिनीपर्यंत मेले, तरी मुळातून पुन्हा तोच गुलाब फुटतो. दुसरे एक गृहस्थ जॉर्ज बुन्ये. फ्रान्समध्ये जन्मले, 1905 साली कॅनडात आले आणि अल्बर्टात शेती करता करता फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहू लागले. शेतातच त्यांनी कामचाटकाकडच्या गुलाबाचे वाण घेऊन संकर केले. त्यांचा 'तेरेझ बुन्ये' नावाचा गुलाबी, सुवासिक गुलाब 1950 मध्ये लोकांपुढे आला आणि आजही त्या भागात घरोघरी दिसतो. माणूसही झाडासारखाच चिवट, वयाची शंभरी ओलांडून गेला. आपाच्या अंगणात आता हाच गुलाब आहे.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याने तिकीट पाठवले आणि मी ते अंगण स्वतः पाहून आले. मनात एक ओझे होते, त्याविषयी पुढे सांगते.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती घाई. तिथे मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत रात्री दव गोठते आणि सप्टेंबरच्या मध्यावर पुन्हा गोठू लागते. हाती राहतात जेमतेम चार महिने. म्हणून फुलांची सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये घराच्या तळघरात होते. बाहेर गुडघाभर बर्फ आणि खाली दिव्यांच्या उजेडात पेट्यांमधून पिटुनियाचे, झेंडूचे इवले कोंब. होय, आपला झेंडू. (आपला म्हणायची सवय, मूळचा तोही मेक्सिकोचा.) मे महिन्यात ही रोपे रोज थोडा वेळ बाहेर ठेवायची. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग दोन तास, मग उन्हात, मग रात्रभर. एकदम बाहेर लावली तर ऊन-वाऱ्याने करपतात. आपा सकाळी पेट्या बाहेर नेत होती आणि संध्याकाळी आत आणत होती. मी पाहुणी, पण दुसऱ्या दिवसापासून मलाही कामाला लावले.

व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाची सुट्टी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सोमवारी येते. ती आली की अख्खे शहर मातीत उतरते. ज्यांना मी आठवडाभर बंद दारांमागे समजत होते, ते सगळे शेजारी गुडघ्यांवर बसून खड्डे खणताना दिसले. एकमेकांना जास्तीची रोपे देण्याची तर चढाओढच.

दुसरी गोष्ट उजेड. जूनमध्ये पहाटे पाचच्या आधी सूर्य उगवतो आणि मगरिब होते साडेनऊला. इशा आणि फजरच्या मध्ये झोपायचे कधी, हाच प्रश्न. पण झाडांना हा सोळा-सतरा तासांचा उजेड आणि थंड रात्री मिळतात. म्हणून डेल्फिनियमच्या निळ्या फुलांचे दांडे माणसाच्या उंचीला जातात आणि स्वीट पी, पॅन्सी अशी आपल्याकडे उन्हाने कोमेजणारी फुले तिथे भर उन्हाळ्यात टवटवीत राहतात. पाण्याची मात्र चणचण. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण साडेतीनशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. पन्हाळीखाली पिंप ठेवून छपराचे पाणी साठवतात. आपा आपल्या दुष्काळी भागाची लेक, तिला ते सांगावे लागले नाही. भांडी विसळलेले पाणीही ती झाडांना घालत होती. भाचा हसत होता, पण पिंप रिकामे झाले तेव्हा त्यानेही बादली उचलली.

तिसरी गोष्ट ऐकून मी थक्क झाले. ऑक्टोबर संपताना तिथे झाडांच्या बुडाशी पेंढा आणि वाळका पाला घालतात. मी म्हटले, उबेसाठी असेल. आपा म्हणाली, "नाही गं. जमीन एकदा गोठली की मग घालायचा. गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी म्हणून." झाडाला मारते ती एकसारखी थंडी नव्हे. मध्येच चार दिवस ऊन पडते, माती विरघळते, मूळ फसते, जागे होते आणि पुन्हा गोठते. या उघडझाकीत नवी रोपे मातीतून वर ढकलली जातात, मुळे तुटतात. म्हणून वाटेवरचा बर्फ फावड्याने काढून वाफ्यांवरच टाकतात. फूटभर भुसभुशीत बर्फाखाली, वर हवा उणे तीस असली तरी, जमिनीचे तापमान शून्याखाली थोडेच उतरते. ज्या वर्षी बर्फ कमी पडतो त्या वर्षी फुलझाडे जास्त मरतात. आपा आता नोव्हेंबरात बर्फाची वाट बघते. जी बाई पहिल्या वर्षी खिडकीचा पडदा उघडत नव्हती, ती.

आणि पिओनी. ही मोठ्या, भरगच्च फुलांची कंदासारख्या मुळांची झुडपे. शेजारीण बाईंच्या दारातली तर त्यांच्या आजीच्या शेतावरून आणलेली. पिओनी एका जागी पन्नास वर्षेही सहज जगते. तिकडे शेतावरची घरे पडली, माणसे शहरात गेली, तरी जुन्या उंबऱ्यापाशी लायलॅक आणि पिओनी फुलत राहतात. बाईंनी पहिल्याच सप्टेंबरात आपाला तिचा एक तुकडा फोडून दिला. डोळे दोन इंचांपेक्षा खोल गेले तर झाड जगते पण फुलत नाही, हे बजावून दिला. शिवाय पहिली दोन वर्षे फुलांची आशा करू नकोस, असेही.

तेव्हा आपाने दोन वर्षांनी परतायचे ठरवलेले. ती म्हणाली नाही काही, लावला.

पिओनीला हिवाळ्यात अनेक आठवडे कडाक्याची थंडी मिळालीच पाहिजे, तरच तिला कळ्या येतात. आपल्याकडे तिला कितीही खत घाला, फूल येणार नाही. तेव्हा वाचक भगिनींनो, चित्रे पाहून कंद मागवू नका. पैसे वाया जातील. मोगऱ्याला तिकडे जे झाले, तेच पिओनीला इकडे होते.

मी होते तेव्हा तिसरा उन्हाळा होता आणि झुडपावर सात कळ्या होत्या. लिंबाएवढ्या, घट्ट, वर मुंग्या फिरत होत्या. मी मुंग्या झटकायला गेले तर आपाने हात धरला. कळीवर गोड रस येतो, त्यासाठी त्या येतात, काही नुकसान करत नाहीत. "तू थांब ना, वीस तारखेपर्यंत उमलतील," ती म्हणाली. पण माझी शाळा जूनच्या मध्यावर उघडते.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी ग्लॅडिओलसचे कंद लावत होतो. तेव्हा ओझे उतरवले. कराडच्या परड्यात भाईजाननी गाडी ठेवायला काँक्रीट केले होते. मोगरा गेला होता. दीड वर्ष झाले होते आणि फोनवर ती विचारायची तेव्हा मी "बरा आहे" म्हणत होते. शाळेत मुलांना खोटे बोलू नका म्हणून सांगणारी मी.

आपा खुरपे चालवत राहिली. एक कंद लावला, दुसरा लावला. मग विचारले, "मुळासकट काढला, का वरून छाटला?"

मला माहीत नव्हते. मी तेव्हा शाळेत होते.

"बघून सांग," म्हणाली. मग पिंपाकडे गेली आणि बराच वेळ झारी भरत उभी राहिली. मी मागे गेले नाही.

पिओनी एकवीस तारखेला उमलली. आपाने व्हिडिओ कॉल केला तेव्हा इथे सकाळचे नऊ वाजले होते, मी वर्गात शिरत होते. अख्ख्या वर्गाने पाहिली. एक मुलगी म्हणाली, "बाई, प्रेअरीत तर फक्त गहू असतो ना?" मी म्हटले, पुस्तकात तेवढेच मावले.

सप्टेंबरात पुन्हा फोन. रात्री दव गोठणार अशी बातमी होती आणि आपा अंधारात झेंडूवर जुन्या चादरी पसरत होती. चादरी संपल्या तेव्हा ओढण्या आणल्या. सकाळी कॅमेऱ्यात दिसले ते हिरव्या, जांभळ्या, लाल ओढण्यांनी झाकलेले अंगण. झेंडू वाचला, आणखी दहा-बारा दिवस फुलला. दहा-बारा दिवसांसाठी एवढी धावपळ, असे मी म्हणणार होते, पण तिचा चेहरा पाहून गप्प बसले.

मधल्या काळात पावसाळ्यात मी कराडच्या परड्यात जाऊन पाहिले. भिंत आणि काँक्रीट यांच्या फटीतून, बरोबर मोगऱ्याच्या जागी, एक हिरवा कोंब वर आला होता. चार पाने. माझे हात थरथरले. फोटो काढून लगेच आपाला पाठवला. तिने मोठा करून पाहिला असणार, उत्तराला वेळ लागला.

"पान चुरगळून वास घे," तिने लिहिले. घेतला, उग्र होता.

"मग घाणेरी आहे ती. पण उपटू नकोस. इथे लोक पैसे देऊन विकत घेतात."