'आपल्याकडे वीज जात नाही' : एका गोड गैरसमजाचा इतिहास

१/ १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल मावळले आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईबरोबर मीरा-भाईंदरही अंधारात गेले. 'आपल्याकडे वीज जात नाही' हे आपले आवडते वाक्य त्या दिवशी खोटे ठरले. तरीही आपण ते टाकून दिले नाही. ते का टाकावे, यासाठी हा धागा.

२/ या वाक्यामागे दोन समजुती आहेत. पहिली : कंपनी खाजगी, म्हणून वीज अखंड. दुसरी त्या सोमवारनंतर जन्मली : वीज गेली ती चीनमुळे. दोन्ही समजुती सोयीच्या आहेत, कारण दोन्हींत खऱ्या जबाबदाराला नाव घेऊन प्रश्न विचारावा लागत नाही.

३/ आधी यंत्रणा समजून घेऊ. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही. जेवढी खपते तेवढी त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. हा तोल सांगणारी नाडी म्हणजे ५० हर्ट्झची वारंवारिता. मागणी वरचढ झाली की ती घसरते, निर्मिती वरचढ झाली की चढते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण ग्रिड उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून साऱ्या देशाची नाडी एकच आहे.

४/ ही नाडी कोण पाहते? दिल्लीत राष्ट्रीय, मुंबईत पश्चिम विभागीय आणि ऐरोली-कळव्याला राज्य भार प्रेषण केंद्र. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून कोण किती वीज देणार आणि कोण किती घेणार, हे तेथे ठरते. तुमचे बिल कोणत्याही कंपनीचे असो, तिच्या तारेत वीज राहील की नाही याचा अंतिम शब्द या केंद्रांचा.

५/ आता भाईंदर. १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लायचे क्षेत्र उपनगरांतून पुढे मीरा-भाईंदरपर्यंत आले. २००३ साली ती कंपनी रिलायन्सकडे गेली, २०१८ साली तिचा मुंबईचा व्यवसाय अदानींकडे. मालक बदलले, परवान्याची सीमा मात्र खाडीपाशीच राहिली. पलीकडचे वसई राज्य वीज मंडळाकडे आणि २००५ च्या विभाजनानंतर महावितरणकडे.

६/ त्यानंतरची काही वर्षे आठवा. दाभोळ प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, नवी निर्मिती मागणीच्या मागे रखडली होती आणि महाराष्ट्र भारनियमनाने होरपळत होता. खाडीच्या उत्तर तीरावर तासन् तास अंधार, दक्षिण तीरावर पंखे सुरू. पाणी एक, हवा एक, लोकल एक. फरक परवान्याच्या रेषेचा आणि मुंबईला तुटवड्यातून वगळणाऱ्या धोरणाचा होता. त्याला आपण 'खाजगी कार्यक्षमता' म्हणू लागलो!

७/ आणि आपली वीज येते कोठून? १९९५ मध्ये सुरू झालेले ५०० मेगावॅटचे डहाणू औष्णिक केंद्र उभे आहे ते १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलेल्या तालुक्यात. तेथून २२० केव्हीच्या वाहिन्या आपल्या घोडबंदरला येतात. राख वारली पाड्यांच्या शेजारी, उजेड आपल्या इमारतींत. आपला अखंड पुरवठा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणातून येतो, हे निदान विसरू नये.

८/ मग २०२० साली काय झाले? कळवा–पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती. भार दुसरीवर आला, तीही गेली आणि पाठोपाठ साखळी तुटत गेली. दोन हजार मेगावॅटहून अधिक भार क्षणात नाहीसा झाला.

९/ अशा वेळेसाठी मुंबईची 'आयलँडिंग' योजना होती : बाहेरचे ग्रिड ढासळले की ट्रॉम्बे, डहाणू आणि टाटांच्या जलविद्युत केंद्रांसह मुंबईने स्वतःला तोडून घ्यायचे आणि बेटासारखे तगायचे. ती फसली. बाहेरची वीज स्वस्त, म्हणून ती घ्यायची. त्यामुळे त्या घटकेला आत चालू असलेली निर्मिती मागणीच्या मानाने तोकडी होती. बेटाला स्वतःचे धान्य नसेल, तर होडी तुटल्यावर उपासमार अटळ असते.

१०/ १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. चर्चा रंगली ती पहिल्याचीच. सायबर धोका खरा आहे आणि त्यासाठी सज्ज राहायलाच हवे. पण एक वाहिनी बंद असताना दुसरीच्या भरवशावर महानगर सोडणे, हा निर्णय बीजिंगमध्ये झालेला नव्हता.

११/ मूळ दुखणे येथे आहे. २००३ च्या विद्युत कायद्याचे कलम ३१ सांगते की राज्य भार प्रेषण केंद्र चालवण्यासाठी सरकारी कंपनी वा प्राधिकरण असावे, आणि ते अधिसूचित होईपर्यंत पारेषण कंपनीने ते चालवावे. 'होईपर्यंत'! कायद्याला १७ वर्षे लोटली, तरी २०२० साली केंद्र महापारेषणच्याच छताखाली होते. म्हणजे वाहिनी ज्यांची, तिच्यावर नजर ठेवणारेही त्यांचेच. खेळाडूच्या पगारावरचा पंच कितीही प्रामाणिक असो, ती व्यवस्था प्रामाणिक नव्हे.

१२/ 'असे वेगळे करणे व्यवहार्य नाही' म्हणणाऱ्यांनी केंद्राकडे पाहावे. राष्ट्रीय ग्रिड चालवणारी पोसोको २०१७ साली पॉवरग्रिडपासून स्वतंत्र झाली. आभाळ कोसळले नाही. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशाने दिवे मालवले, मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली, तरी याच अभियंत्यांनी ग्रिड सावरले. दोष माणसांच्या कौशल्याचा नाही, त्यांना ज्या चौकटीत बसवले आहे तिचा आहे.

१३/ मुंबईत येणारी खारघर–विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी कार्यान्वित झाली २०२३ मध्ये, अंधारानंतर तीन वर्षांनी. मोर्चा वाहिनीसाठी निघत नाही, वीज गेली की निघतो. म्हणून वाहिन्या उशिरा येतात.

१४/ तेव्हा मीरा-भाईंदरकरांनो, 'आपल्याकडे वीज जात नाही' हा अभिमान सोडा आणि प्रश्न विचारा : ग्रिडचा पंच स्वतंत्र का नसावा? आयलँडिंगची चाचणी केव्हा झाली आणि तिचा निकाल काय? खाडीपलीकडचा नागरिक गेली कित्येक वर्षे 'वीज का गेली?' असे विचारत आला आहे. आपण 'वीज का राहते?' एवढे तरी विचारू. त्याचे उत्तर ज्याला ठाऊक नाही, त्याला ती गेल्यावर तक्रार कोणाकडे करायची हेही कळत नाही.

(समाप्त)