किल्ली कुणाकडे आहे?

आज ज्या विषयावर लिहायला बसले आहे, तो चारचौघांत काढला की लोक नाकाला पदर लावतात. विषय संडास-मुतारीचा. "हे काय पेपरात लिहायचं?" असे आमच्या घरातच मला ऐकवले गेले. पण ज्याची अडचण होते त्याला विचारा.

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक दादा राहतात. गोदीतून निवृत्त झालेले. त्यांची थोरली लेक बारावीच्या वर्षी अपघातात कमरेखाली अधू झाली. पोरगी जिद्दीची. घरी बसून बी.ए. केले आणि एम.ए.ला विद्यापीठात नाव घातले. दादा तिला रोज रिक्षाने नेतात, चाकाच्या खुर्चीत बसवतात, वर्गापर्यंत ढकलत नेतात आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहतात.

एकदा सकाळी मी चहा घेऊन गेले. पोरगी म्हणाली, "नको मावशी, आज चार तास आहेत." मला वाटले, घाईत असेल. नंतर कळले की विद्यापीठाच्या दिवशी ती पाण्याचा घोटही घेत नाही. ओठ कोरडे पडले तर जिभेने ओले करते. मणक्याला मार बसलेल्यांना लघवीची जाणीव राहत नाही, पुष्कळांना दर चार-सहा तासांनी नळी घालून ती काढावी लागते. त्याला साबण-पाणी लागते, हात पोचेल अशी फळी लागते, आणि आडोसा लागतो. वेळ टळली किंवा हात स्वच्छ नसले की संसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. पाणी न पिणे हा त्यावरचा उपाय नव्हेच. तो दुसरा आजार.

दादांना विचारले तर म्हणाले, "ताई, बायकांच्या संडासात मी बाप्या माणूस कसा शिरू? आणि पुरुषांच्यात तिला कशी नेऊ? अपंगांची पाटी लावलेली एक खोली आहे, पण तिला कुलूप. किल्ली शिपायाकडे. शिपाई जेवायला गेला की किल्लीपण जेवायला जाते."

मी एक दिवस मुद्दाम सोबत गेले. किल्ली मिळाली, दार उघडले, तर आत मोडकी बाके, फिनेलचे डबे, झाडू. झाडणारी बाई ठेक्यावरची, आपल्याच शेजारच्या वस्तीतली. ती ओशाळून म्हणाली, "बाई, माझं सामान ठेवायला दुसरी जागाच दिली नाही हो." तिचा काय दोष? पाचशे पोरांचे संडास धुणाऱ्या बाईला एक कपाट कुणी दिले नव्हते.

त्याच वर्गात एक तृतीयपंथी विद्यार्थिनी आहे. तिची गंमत निराळी, म्हणजे गंमत कसली, फजिती. मुलींच्यात गेली तर मुली कुजबुजतात, मुलांच्यात गेली तर काय होते ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ती दुपारची सुट्टी झाली की घरी जाते, मग शेवटचे दोन तास बुडतात. परीक्षेत कमी गुण पडले की लोक म्हणणार, यांचे शिक्षणात लक्षच नसते.

आता पाहा, बापाबरोबर आलेली अधू मुलगी आणि ही पोर, दोघींना हवी ती खोली एकच. तळमजल्यावरची, चारी बाजूंनी पुऱ्या भिंतींची, आतून कडी लागणारी, एका वेळी एकानेच वापरायची. पाटीवर बाई-पुरुष काही नको. आजारी आईला घेऊन आलेला मुलगाही तिथे जाईल.

काही बहिणी म्हणतील, म्हणजे आमचे बायकांचे संडास काढून एकत्र करणार काय? तसे कुणी करू लागले तर मीसुद्धा विरोध करीन. बायकांचे आहेत तेच पुरत नाहीत. आहे ते राहू द्या, त्यात ही एक खोली वाढवा, एवढेच मागणे आहे. आणि बायकांच्यात बसणाऱ्या त्या पोरीला तिथून हुसकावण्यासाठी ही खोली दाखवू नका.

पाटीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांसाठी सार्वजनिक ठिकाणी वेगळी स्वच्छतागृहे द्या असे सांगितले. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात तिथल्या तृतीयपंथी विद्यार्थिनीने पाठपुरावा केला आणि २०१७ मध्ये विद्यापीठाने तशी सोय करण्याचे ठरवले. लढून मिळवले, त्याचे मोल आहेच. पण वेगळ्या पाटीखाली शिरताना सगळ्या आवाराला कळते की आत कोण गेले. वेगळा माठ, वेगळी कपबशी ज्यांच्या आजा-पणजांनी पाहिली, त्यांना हे जास्त सांगायला नको. म्हणून मला 'सर्वांसाठी' ही पाटी बरी वाटते.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने इमारत, आवार आणि सोयी दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या आहेत. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. १५ जानेवारी २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वच्छतागृह मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि देशातल्या सगळ्या न्यायालयांत पुरुष, स्त्रिया, दिव्यांग व तृतीयपंथी यांच्यासाठी ती बांधा. तो निकाल कोर्टांपुरता आहे, पण कलम २१ काही कोर्टाच्या फाटकाशी थांबत नाही.

मापे वहीत उतरून ठेवा, उपयोगी पडतील. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट. आत खुर्ची वळायला १५०० मिलिमीटरचा, म्हणजे पाच फुटांचा घेर. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते. कमोडच्या बाजूला भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा. बाहेरचा उतार एकास बारा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. पुष्कळ ठिकाणी घसरगुंडीसारखा उतार करून फोटो काढतात आणि मूल्यांकन समितीला दाखवतात.

आम्ही काय केले? दादांनी आणि त्या दोन्ही पोरींनी मिळून कुलसचिवांच्या नावे अर्ज केला, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला. शिक्क्याशिवाय परत येऊ नका, नाहीतर अर्ज आलाच नाही म्हणतात. शिवाय दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला: अशी खोली कुठे कुठे आहे, किल्ली कुणाकडे असते, दुरुस्तीला किती खर्च मंजूर आहे. उत्तराला मुदत ३० दिवसांची. दाद लागली नाही तर राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात बसतात, तिथे तक्रार करता येते.

अठराव्या दिवशी कुलूप निघाले. बाके हलवली, झाडणाऱ्या बाईला जिन्याखाली लोखंडी कपाट मिळाले, ते पाहून मला सगळ्यात बरे वाटले. दुसरी पोर आता शेवटचे तासही करते. पण आतली जागा अरुंद आणि दार अजून आतच उघडते. खुर्ची आत गेली की दार लागत नाही. दादा चौकटीला चादर बांधतात आणि पाठ करून उभे राहतात. दुसरा अर्ज सोमवारी द्यायचा आहे. या खेपेला दाराचे आणि खोलीचे माप लिहून.