टीडीएस उतरला, म्हणजे पाणी शुद्ध झालं?

सुरत : पांडेसराच्या डाइंग मिलमध्ये खानदेशी कामगार मोठ्या संख्येने आहेत. या औद्योगिक वसाहतीला महापालिका 2014 पासून बमरोली प्रकल्पातून शहराचंच सांडपाणी शुद्ध करून विकते. क्षमता रोज 4 कोटी लिटर. तापीचं तेवढं पाणी वाचतं, हे मान्यच.

यात आरओ मेंब्रेनही आहे. तिला साधी गाळणी समजलं की हिशोब चुकतो. सोडियमचं वजन 23, युरियाच्या रेणूचं 60. तरी मीठ अडतं आणि युरिया बराच निसटतो. मिठाच्या कणांवर विद्युतभार असतो, भोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. युरियावर भार नाही. रंगाचे मोठे रेणू मात्र सहज अडकतात. म्हणून कोण किती अडेल याचं गणित मांडताना आकार, भार आणि मेंब्रेनमध्ये विरघळण्याची ओढ, तिन्ही धरावं लागतं. तेही कोऱ्या मेंब्रेनवर नाही, थर बसलेल्या मेंब्रेनवर.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेच पाहतो. युरिया त्याला दिसतच नाही. आकडा 50 आला की सगळे खूश! डाइंगला तेवढं पुरतं. पण हेच पाणी उद्या पिण्याच्या साठ्यात सोडायचं ठरलं, तर सेंद्रिय कार्बनचा आकडाही रोज लोकांसमोर यायला हवा.