खंडाची जमीन

मी राहतो त्या मुशैरिबच्या नावाचा अर्थ ‘पाणी पिण्याची जागा’ असा सांगतात. आज इथे मेट्रोच्या तिन्ही लाइन एकत्र येतात आणि पाणी समुद्राचं गोडं करून नळाला येतं, पण नावात ती जुनी तहान राहिलीच आहे. पाण्यामागे गेलेली अशीच काही माणसं माझ्याही कुळात होती. यंदाच्या सदरात त्यांच्याविषयी लिहितो.

आमचं मूळ गाव कऱ्हाकाठचं सासवड. तिथले माळी ऊस लावण्यात आणि गूळ करण्यात तरबेज, पण पाणी बेताचं आणि घरटी जमीन त्याहून बेताची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सरकारने भाटघरला धरण बांधलं आणि नीरेचा डावा कालवा बारामतीकडे नेला. दुष्काळी भागातली ज्वारी-बाजरी वाचावी, हा हेतू. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेईना. पाणीपट्टी भरायची, खतात पैसा ओतायचा आणि पीक हाती येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष थांबायचं, हे कोरडवाहू कसणाऱ्याला परवडणारं नव्हतं. विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. ठरलेल्या क्षेत्राला काही वर्षं पाण्याची हमी आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांशात ऊस, अशी ती योजना.

सासवडच्या माळ्यांनी ही संधी ओळखली. कालव्याकाठची जमीन स्थानिक मालकांकडून खंडाने घेऊन त्यांनी ऊस लावला. पुढे गोदावरी आणि प्रवरेचे कालवे झाले, तेव्हा काही घरं कोपरगाव-श्रीरामपूरकडे गेली. नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी माळशिरस तालुक्यात पोचलं, तेव्हा आमचे पणजोबा अकलूजजवळच्या माळावर आले.

आपली मुलं इथल्या शाळेत अमेरिकेच्या गवताळ मैदानावरच्या शेतकरी कुटुंबांच्या गोष्टी वाचतात. तिकडे 1862च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला 160 एकर जवळपास फुकट मिळत. त्या जमिनीवर आधी राहणाऱ्या मूळ रहिवाशांचं काय झालं, हे त्या गोष्टींत फारसं येत नाही. आमच्या लोकांना कुणी गुंठाही फुकट दिला नाही. जमिनीचा मालक शेजारच्याच गावात राहायचा. मुदत संपली की तो जमीन परत मागू शके, आणि ऊस पिकतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर तो का मागणार नाही? त्याचंही काही चुकलं नाही.

पणजी तीन मुलांना घेऊन बैलगाडीतून माळावर उतरली. ही हकीकत आजीने मला अनेकदा सांगितली. पहिली दोन वर्षं उसाच्या पाचटाने शाकारलेल्या खोपटात गेली. कालव्याबरोबर डास आले आणि डासांबरोबर हिवताप. पाण्याची पाळी रात्रीची असली की पणजोबा कंदील घेऊन दारं धरायला जायचे. पणजी मुलांना झोपवून दाराशी बसायची, कारण माळावर इंगळ्या फार. गुऱ्हाळ सुरू झालं की दिवस-रात्र चुलवण पेटलेलं. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवी, पण वीस माणसांच्या भाकरी कुणी थापायच्या हे कुणाला ठरवावं लागत नसे. उसाला पेंडीचं खत घालायला एका वर्षी पैसे कमी पडले, तेव्हा पणजीच्या पाटल्या गेल्या. त्या परत आल्या नाहीत. घरात पराक्रमाच्या गोष्टी निघत तेव्हा नाव पणजोबांचंच निघे. पाटल्यांची गोष्ट फक्त आजी सांगे.

ही माणसं एकटी गेली नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे गेलेल्या चुलत्याने निरोप पाठवायचा, मामाने बेणं द्यायचं, सासवडला राहिलेल्या भावाने म्हातारे आईवडील सांभाळायचे. दोह्यात आपण वेगळं काय केलं? पहिली नोकरी कुणाच्या ओळखीने लागली, पहिला महिना कुणाच्या खोलीत काढला, हे ज्याचं त्याने आठवावं.

मग जागतिक मंदी आली आणि गुळाचे भाव कोसळले. 1932 साली सरकारने देशी साखरेला संरक्षण दिलं. वालचंद हिराचंदांसारखे उद्योगपती रावळगाव आणि कळंबला साखरेत उतरले, तो हाच काळ. सासवडच्या माळ्यांनीही त्याच वर्षी भागभांडवल जमवून ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ ही कंपनी काढली. ऊस पिकवणारेच तिचे मालक होते. प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला तो 1950 साली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. कारखान्याभोवती वसलं ते माळीनगर. खंडाच्या जमिनीवर आलेल्यांनी नकाशावर एक गाव ठेवलं.

पणजोबांनी पुढे थोडी जमीन विकत घेतली. आज तिच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. त्यांतली दोन माणसं शेत कसतात: माझा चुलतभाऊ आणि त्याची बायको. बाकीचे आम्ही पुणे, नाशिक आणि दोहा. ठिबकसाठी कर्ज काढायचं तरी त्याला सगळ्यांच्या सह्या लागतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका सहीसाठी त्याचा हंगाम हुकला. तो काही बोलला नाही, म्हणून जास्त लागलं.

डिसेंबरात गावी जाऊन मी माझ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र त्याच्या नावे करणार आहे. घरात यावरून बरीच चर्चा झाली. बायकोचं म्हणणं रास्त आहे: इथला रहिवास नोकरीपुरता, उद्या परत जायचं तर पाय टेकायला जागा नको? वाडीतल्या घरातली एक खोली आम्ही ठेवतोय. शेत मात्र जो कसतो त्याचं. एक गोष्ट स्पष्ट करतो, हा निर्णय माझ्यापुरता आहे. भाऊबीजेच्या ओवाळणीत बहिणीची सही मागून घ्यायची आपल्याकडची रीत मला मान्य नाही. माझ्या बहिणींनी त्यांच्या हिश्श्याचं काय करायचं ते त्या ठरवतील.

मुलगी विचारत होती, मग आपलं तिथे काय उरलं? मी तिला पाटल्यांची गोष्ट सांगितली. ती सातबाऱ्यावर कधीच नव्हती, आणि हक्कसोडपत्राने ती जाणारही नाही.

मंडळी, दिवाळीत घरी फोन होतीलच. फराळाची चौकशी झाली की एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत, आणि त्यांतली किती माणसं रात्री दारं धरायला जातात?