हाताला चव आहे, मग भाव का नाही?

"काय गं, तुझ्या हाताला काय चव आहे!" हे वाक्य कधीच ऐकलं नाही अशी बाई आपल्याकडे विरळाच. पुरणपोळी असो, अनारसे असोत, नाहीतर साधं मुगाचं वरण असो. हे ऐकलं की आपणही सुखावतो, चेहऱ्यावरचा घाम पुसतो आणि अजून एक पोळी वाढतो. पण या कौतुकाचं पुढे काय होतं? घर सांभाळून मी बचत गटांचं काम करते, त्यामुळे हे अगदी जवळून बघते. गटातल्या बायकांचे लाडू, शेवया, कुरडया सगळ्यांना आवडतात. भाव सांगितला की मात्र लगेच ऐकावं लागतं, "एवढा? घरचंच तर आहे!" त्या 'घरचंच' या एका शब्दात बाईची सगळी मेहनत फुकटात जाते.

हा विषय आज काढायचं कारण आहे एक दुकान. तेसुद्धा आपल्याकडचं नाही, पार तुर्कस्तानातलं!

२०२४ साली धाकट्या नणंदेच्या आग्रहामुळे इस्तंबूलला जायचा योग आला. मशिदी पाहिल्या, राजवाडे पाहिले, बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत बोटीनं फिरून आलो. पण घरी आल्यावर मैत्रिणींना मी सगळ्यात जास्त सांगितलं ते इस्तिकलाल नावाच्या गजबजलेल्या रस्त्यावरच्या एका मिठाईच्या आणि हातच्या चॉकलेटच्या दुकानाबद्दल. अहो, काचेपलीकडे काय थाट होता! चौकोनी लोकुमचे ढीग, बकलाव्याची मोठमोठी ताटं आणि दुसऱ्या बाजूला चॉकलेटच्या जाड लाद्या. त्या लाद्यांत सालीसकट बदाम नव्हे, तर अख्खे हेझलनट आणि हिरवेगार पिस्ते बसवलेले. गिऱ्हाईक बोट दाखवेल तिथला तुकडा मोडायचा, वजनकाट्यावर ठेवायचा आणि पुडीत बांधून द्यायचा. आपल्याकडे चिक्की मोडून देतात तसंच!

गंमत म्हणजे भाषा येत नसूनही पाट्या थोड्याफार कळत होत्या. शेकेर म्हणजे साखर, बादेम म्हणजे बदाम, फिस्तिक म्हणजे पिस्ता, नार म्हणजे डाळिंब, आपण अनार म्हणतो तेच. हेल्वा म्हणजे हलवा हे तर सांगायलाच नको. शब्द कुठून कुठे फिरले असतील कोण जाणे, पण परक्या देशात ते वाचून माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

लोकुम म्हणजे इंग्रजीत ज्याला टर्किश डिलाइट म्हणतात ते. मूळ नाव राहत-उल-हुलकुम, म्हणजे घशाला आराम. साखरेचा पाक, मक्याचं सत्त्व, किंचित आंबटपणा आणि गुलाबपाणी, एवढंच सामान. पण ते मंद आचेवर तासाच्या वर सारखं ढवळत राहावं लागतं. हात थांबला की खाली लागलंच म्हणून समजा. मग ते ताटात ओतून रात्रभर निववायचं, वड्या पाडायच्या आणि पिठीसाखरेत घोळवायच्या. आपला कॉर्नफ्लॉवरचा कराची हलवा ज्यांनी घरी केला असेल, त्यांना हे हात दुखणं नीट कळेल. हाजी बेकिर नावाच्या हलवायानं १७७७ मध्ये इस्तंबूलला दुकान थाटलं आणि त्याच घराण्याच्या नावानं ते आजही चालू आहे. पाटीवर ते साल मोठ्या अभिमानानं लिहिलेलं असतं.

बकलाव्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. बारीक लाटण्यानं पारी इतकी पातळ लाटायची की पलीकडचं दिसलं पाहिजे. अशा चाळीसएक पाऱ्या एकावर एक रचायच्या, मध्ये पिस्त्याची भरड, वरून तूप. हो, तूपच! लोणी कढवून केलेलं. (त्या पारीच्या पिठात बहुतेक ठिकाणी अंडं घालतात, तेव्हा शाकाहारी मैत्रिणींनी विचारूनच घ्यावं.) गाझीआंतेप गावच्या बकलाव्याला २०१३ मध्ये युरोपीय संघानं भौगोलिक मानांकन दिलं, आणि ते मिळवणारा तुर्कस्तानचा तो पहिला पदार्थ ठरला. गावाच्या नावाला आणि हाताच्या कसबाला असा कायद्याचा शिक्का मिळाला.

दुकानातल्या कारागिराला तिथे 'उस्ता' म्हणतात. आपला 'उस्ताद'च तो. पांढरी टोपी घातलेला असा एक उस्ता संगमरवरी ओट्यावर चॉकलेट पसरवत होता आणि लोक कौतुकानं बघत उभे होते. बाजूला 'हातानं बनवलेले' अशी पाटी, आणि भाव अर्थातच कारखान्याच्या चॉकलेटपेक्षा चढा. कुणीही कुरकुर करत नव्हतं. हातचं आहे म्हणूनच तर जास्त पैसे, हे सगळ्यांना मान्य!

मी मात्र बाई, माझ्या सवयीप्रमाणे काउंटरवरच्या मुलीला गाइडमार्फत विचारलंच, "घरी हे कोण करतं?" ती हसून म्हणाली, "सणाला आई आणि मावश्या मिळून बकलावा करतात. आईचा बकलावा इथल्यापेक्षा छान असतो." "मग इथे उस्ता बायका आहेत का?" यावर तिनं मान हलवली. बायका पॅकिंगला आणि काउंटरला आहेत, म्हणाली.

मैत्रिणींनो, हे ऐकलं आणि वाटलं, पळसाला पानं तीनच! बाई घरी करते तेव्हा ती 'चव', पुरुष दुकानात करतो तेव्हा ती 'कला'. आपल्याकडेही रोजचा स्वयंपाक बाईचा आणि लग्नातला आचारी मात्र पुरुष. त्या पातळ पाऱ्या, ज्यांना तिथे युफ्का म्हणतात, खेड्यापाड्यांत बायका एकत्र जमून लाटतात. एक उंडे करते, एक लाटते, एक भाजते. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड लाटायला आळीतल्या बायका जमतात तसंच. अशी पोळी करण्याची आणि वाटून खाण्याची ही परंपरा २०१६ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून नोंदवली. मान मिळाला, चांगलंच झालं. पण मानानं वाण्याचं बिल भागत नाही. नोकरी-व्यवसायात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण तुर्कस्तानात जेमतेम एक तृतीयांश आहे. बाकीच्या काय हातावर हात धरून बसल्यात? त्यांचं काम मोजलं जात नाही, इतकंच.

त्या चॉकलेटमधल्या हेझलनटचंही तसंच. जगातलं निम्म्याहून जास्त हेझलनट एकट्या तुर्कस्तानात, तेही बहुतेक काळ्या समुद्राच्या काठच्या उतारांवर पिकतं. ऑगस्टमध्ये तोडणीला देशाच्या दुसऱ्या टोकाहून मजुरांची कुटुंबं येतात, त्यात बायका आणि कधीकधी शाळेत जायच्या वयाची मुलंही असतात. आपल्याकडची ऊसतोडणी पाहिलेल्या बाईला यावर जास्त सांगायला नको. दुकानात उस्ताचे हात दिसतात, हे हात दिसत नाहीत.

पण तिथल्या बायकाही गप्प बसलेल्या नाहीत हं! इस्तंबूलमध्ये १९८६ पासून बायकांसाठी काम करणारी एक संस्था आहे. तिच्या नावाचा अर्थच मुळी 'स्त्रियांच्या श्रमाला मोल देणारी संस्था' असा आहे. बायकांच्या सहकारी संस्था उभ्या करायला ती मदत करते. वाचताना मला आपली लिज्जत आठवली. १९५९ साली गिरगावात सात जणी गच्चीवर पापड लाटायला बसल्या, हातात उसने घेतलेले ऐंशी रुपये. त्यांनी पहिल्या दिवसापासून पापडाला बाजारातला माल मानलं, शेजारधर्म म्हणून वाटला नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

आपण काय करतो? शेव किलोला किती पडली, याचा हिशेब करताना बेसन, तेल, गॅस धरतो आणि स्वतःचे चार तास सोडून देतो. "माझं काय, मी घरीच असते" हे वाक्य तर गटाच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. अगं, घरी असतेस म्हणून तुझे हात फुकटचे झाले का? तेच चार तास तू दुसऱ्याच्या शेतात किंवा दुकानात राबलीस तर मजुरी घेशील ना? मग ती मजुरी इथेही लाव. आधी कच्चा माल लिहायचा, मग गॅस आणि वीज, मग पिशवी-लेबल, मग स्वतःची मजुरी, आणि त्याच्यावर नफा. मजुरी हा नफा नव्हे, हे शंभरदा सांगावं लागतं तरी मी सांगते.

अर्थात भाव मागायचा तर मालही तसाच चोख पाहिजे. हल्ली आपल्या गावांतही 'होममेड चॉकलेट'चे एक दिवसाचे क्लास निघालेत. चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक ठिकाणी शिकवतात ते कंपाउंड वितळवून साच्यात ओतायला. कंपाउंडमध्ये कोकोचं लोणी काढून त्याऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी घातलेली असते. ते झटकन घट्ट होतं, स्वस्त पडतं, पण जिभेवर मेणासारखं लागतं. खऱ्या चॉकलेटला नेमक्या तापमानाला आणून घोळवावं लागतं, तेव्हा कुठे त्याला चकाकी येते आणि तुकडा मोडताना कट्कन आवाज येतो. कंपाउंड विकायला हरकत नाही, पण लेबलवर तसं लिहावं. शिवाय आपल्या हातात आधीच असलेलं कसब सोडून सगळ्यांनी चॉकलेटच का करावं? काटेरी हलवा ज्या हातांना जमतो, खापरावरचे मांडे ज्या हातांना जमतात, त्यांनी त्याचीच पाटी लावावी की! आपलं नाव, गावाचं नाव आणि कधीपासून करतो ते साल.

तिथे रमजान संपल्यावर येणाऱ्या सणाला साखरेचा सण असंही म्हणतात. मुलं घरोघरी जातात, मोठ्यांच्या हाताचं चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावतात आणि गोळ्या-चॉकलेटं घेऊन पळतात. आपल्या संक्रांतीसारखंच. त्यांच्यात म्हण आहे, 'गोड खाऊ या, गोड बोलू या.' पण त्यांची आणखी एक रीत मला फार आवडली. कुणी काही करून खाऊ घातलं की म्हणायचं, "एलिनिझे सालिक", म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो. चवीच्या आधी हातांची आठवण!

येत्या दिवाळीला शेजारच्या काकूंकडून, नाहीतर गटाच्या स्टॉलवरून फराळ घ्याल तेव्हा एवढं करा. घासाघीस न करता लिहिलेला भाव द्या. आणि फराळ करणाऱ्या तुम्हीच असाल, तर भाव सांगताना मान खाली घालू नका. हातांना आरोग्य लाभो हे तर आहेच, पण त्यांना त्यांची मजुरीही लाभो!