ताबा कशावरचा सुटला?

‘वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात’ हे वाक्य आमच्या पानांवर किती वेळा छापले गेले असेल, याचा हिशेब मांडावयाचा म्हटले तर संकोच आम्हांलाच वाटेल. ‘भरधाव ट्रकने चिरडले’, ‘मोटार दुभाजकावर आदळली’, ‘दुचाकी घसरली’ ही वृत्तपत्रांची नित्याची भाषा होऊन बसली आहे. या भाषेत ट्रक चिरडतो, मोटार आदळते, दुचाकी घसरते. मात्र ती चालविणारा माणूस वाक्यातून अलगद निसटतो. जणू वाहनांनाच मन आणि मर्जी आहे! हा दोष केवळ बातमीदाराच्या लेखणीचा नव्हे. अपघात म्हणजे दैवाचा घाला, तो कोणाच्या हातचा नव्हे, अशी जी समजूत समाजाने करून घेतली आहे तिचेच ते प्रतिबिंब आहे. आमच्या मते ही समजूत मोडून काढण्याची वेळ येऊन ठेपली आहे. ताबा सुटतो हे खरे. परंतु बहुतेक वेळा तो वाहनावरचा सुटण्यापूर्वी स्वतःवरचा सुटलेला असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली. म्हणजे दिवसाला साडेचारशेहून अधिक. त्यांतील ७४,८९७ माणसे दुचाकीवरची होती. हेल्मेट न घालता प्राण गमावलेल्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली, आणि शंभरांतील सुमारे एकाहत्तर मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. आपल्या चिमुकल्या गोव्यातही गेली कित्येक वर्षे दरसाल दोनशेहून अधिक जीव रस्त्यावर जात आहेत. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकवस्ती नोंदल्या गेलेल्या या प्रदेशात आज नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा त्या लोकवस्तीला मागे टाकून गेला आहे. वाहने वाढली, रस्ते रुंदावले, पूल उभे राहिले. वाढली नाही ती फक्त परस्परांविषयीची अदब.

गोमंतकीय माणूस सुशेगाद, असे बाहेरचे लोक कौतुकाने म्हणतात. त्यांनी एकदा सायंकाळी पणजीहून म्हापशाकडे जाणाऱ्या रांगेत उभे राहून पाहावे. सिग्नलचा दिवा हिरवा होतो न होतो तोच मागून हॉर्नचा भडिमार सुरू होतो. डाव्या बाजूने दुचाकीस्वार घुसतो. त्याच्या आरशाचा मोटारीला निसटता स्पर्श होतो. काच खाली येते आणि आईबहिणींचा उद्धार सुरू होतो. मागच्या आसनावर शाळेतून घरी निघालेली मुले बसलेली आहेत, याचेही भान उरत नाही. देवळात शिरताना दुसऱ्याला वाट देणारा, लग्नाच्या पंगतीत वडीलधाऱ्यांना आधी बसविणारा हाच माणूस रस्त्यावर येताच असा का होतो? उत्तर कठीण नाही. पंगतीत समोरच्याचा चेहरा दिसतो, बहुधा ओळखीचा असतो. रस्त्यावर दिसतो तो पत्रा आणि क्रमांकाची पाटी. पत्र्याशी भांडताना लाज वाटत नाही. पण त्या पत्र्याआड माणूसच बसलेला असतो, हे आपण विसरतो.

क्षणाचा हा राग कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण देशाच्या न्यायालयीन इतिहासात नोंदले गेले आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा शहरात वाहनाला वाट देण्यावरून बाचाबाची झाली आणि त्या मारहाणीत पासष्ट वर्षांचे एक गृहस्थ मरण पावले. आरोपी होते नामवंत क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू. १९९९ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले; २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा फर्मावली; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ एक हजार रुपये दंडावर प्रकरण मिटविले; आणि फेरविचाराअंती मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने एक वर्षाचा सश्रम कारावास दिला. चार पावले मागे घेण्याचा तो प्रश्न होता. त्यासाठी एका घरातील वडीलधारा माणूस गेला, तेहतीस वर्षे कज्जा चालला आणि कीर्ती, पद, लोकप्रियता यांतील काहीही शेवटी तुरुंगाचे दार चुकवू शकले नाही. त्या सकाळी घरून निघताना आपल्या हातून असे काही घडेल, हे आरोपीच्या स्वप्नातही नसावे. रागाच्या भरात मोटारीचे दार उघडून खाली उतरणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे.

बरे, एवढ्या आटापिट्याने मिळते तरी काय? म्हापसा ते पणजी हे अंतर सुमारे तेरा किलोमीटरचे. ते ताशी साठच्या वेगाने कापले तर तेरा मिनिटे लागतात, पन्नासच्या वेगाने कापले तर साडेपंधरा. म्हणजे सारी धडपड अडीच मिनिटांची! तीही सिग्नलपाशी आणि पार्किंगची जागा शोधताना वाया जातात. उलटपक्षी, ताशी पन्नासच्या वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळपास चौदा मीटर पुढे जाते. समोर मूल धावत आले, हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो एक सेकंद जातोच. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, हे गणित आणखी निर्दय होते. राग आलेल्या माणसाची नजर ज्याच्यावर राग आहे त्याच्यावरच खिळलेली असते, रस्त्यावर नसते. म्हणून रागाने चालविलेले वाहन दारूच्या नशेत चालविलेल्या वाहनाइतकेच भयावह मानले पाहिजे.

हे म्हटले की ठरावीक उत्तरे पुढे येतात. रस्ते खराब आहेत, खड्डे आहेत, वळणावर दिवे नाहीत, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची वाहने घेऊन पर्यटक धुडगूस घालतात. या तक्रारींत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. खड्डे बुजविणे, धोक्याची वळणे सुधारणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी आम्ही याच स्तंभातून सरकारला धारेवर धरीत आलो आहोत, पुढेही धरू. भाड्याच्या वाहनांना शिस्त लावलीच पाहिजे. परंतु खड्डा पुढच्या वाहनाला डावीकडून ओलांडण्यास सांगत नाही. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रखर दिवा फेकण्याची सक्ती पर्यटक करीत नाही. आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली कोणी परप्रांतीय येऊन ठेवीत नाही. ती त्याच्या घरातलेच ठेवतात. दुसऱ्याचा दोष दाखविल्याने आपला दोष धुतला जात नसतो.

या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही पालकांशी चार स्पष्ट शब्द बोलू इच्छितो. दहावी उत्तीर्ण झाल्याचे बक्षीस म्हणून दुचाकी देण्याची प्रथा आपल्या मध्यमवर्गीय घरांतून पडत चालली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने अज्ञान मुलाच्या हातून घडलेल्या गुन्ह्यासाठी पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद केली आहे. पण कायद्याचा धाक ही दुय्यम गोष्ट झाली. मूल वाहन चालवायला शिकते ते प्रशिक्षण वर्गात नव्हे, तर मागच्या आसनावर बसून. वडील शिवी देतात ती ते ऐकते. वडील हेल्मेट हाताला अडकवून निघतात आणि पोलीस दिसताच डोक्यावर चढवतात, ते ते पाहते. अशा मुलाला पुढे कोणता परवाना शहाणे करणार?

दसऱ्याच्या दिवशी आपण वाहन धुऊन पुसून त्याला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ही श्रद्धा आम्हांला आदरणीय वाटते. आयुधपूजेचा अर्थच असा, की आयुध हाती घेणाऱ्याने त्याचे सामर्थ्य ओळखावे आणि ते जपून वापरावे. कठोपनिषदाने देहाला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. आज तो रथ शब्दशः आपल्या हाती आला आहे. लगाम सुटलेल्या रथाला झेंडूची माळ वाचवू शकत नाही.

आणि सौजन्य आपल्याला परके आहे, असेही नाही. दिवाडीच्या वा चोडणच्या फेरीबोटीवर पाहावे. बोट धक्क्याला लागते, आतली माणसे आणि वाहने आधी बाहेर पडतात, मग बाहेरची आत शिरतात. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि बेतीच्या धक्क्यांवर लोकांनी तासन्‌तास वाट पाहिली. ज्यांनी ते दिवस अनुभवले त्यांना आठवत असेल, घाई तेव्हाही होती. पण नदीपुढे कोणाचे चालत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. जो संयम आपण नदीला दाखवला, तो माणसाला दाखवणे अशक्य का असावे? पुढच्याला वाट द्यावी, रात्री दिवा खाली करावा, रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धासाठी क्षणभर थांबावे, चूक झाली तर हात उंचावून क्षमा मागावी. या गोष्टींना पैसा पडत नाही, शासकीय आदेशही लागत नाही.

अपघात घडलाच, तर तेथून पळून जाणे हे सर्वांत मोठे पाप होय. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. बघ्यांनीही भिण्याचे कारण नाही. जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याने २०१९ पासून संरक्षण दिले आहे आणि आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. बांबोळीच्या गोमेकॉत वेळेवर पोचलेला एक जखमी म्हणजे एक वाचलेले घर. तेथे जमावाने चालकाला चोप देण्यात घालवलेली दहा मिनिटे त्या जखमीच्या आयुष्यातून वजा होत असतात.

पोलिसांनी दंड वसूल करण्यापुरते न थांबता बेदरकार चालकांचे परवाने निलंबित करावेत, परवान्याची परीक्षा खरी परीक्षा व्हावी, आणि मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या वाहनांनी नियम पाळून दाखवावा, अशी आमची मागणी आहे. लोकांकडून शिस्तीची अपेक्षा करणाऱ्यांनी ती आधी आपल्या ताफ्याला लावावी.

या कामी आमच्याकडेही एक हिस्सा येतो. यापुढे अपघाताची बातमी देताना, तपासात निष्पन्न झाले असेल तेथे, वाहन कोणी आणि कसे चालविले होते हे स्पष्ट लिहिण्याचा आम्ही प्रयत्न करू. ट्रकाला आणि मोटारीला दोष देऊन मोकळे होणार नाही. वाचकांनी आपला हिस्सा आज सायंकाळी घरी परतताना उचलावा. कोणीतरी आडवे येईल, कोणीतरी उगाच हॉर्न वाजवील. त्या वेळी हात लगामावर असू द्यावा. अडीच मिनिटे उशिरा पोचलेल्या माणसावर घरची माणसे रागावत नाहीत.